टेबलावरची खंडेनवमी

उमरखेडच्या मधुसूदनरावांना व्यसनं दोनच. एक, लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणून जिवंत करायचे. दुसरं, रोज सकाळी त्यातल्याच एकावर बसून काल काय केलं, काय वाचलं, ते लिहून ठेवायचं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हापासून, म्हणजे सलग नऊ वर्षं, हा नेम. सगळं एकाच फाईलमध्ये, आणि फाईलचं नाव 'रोजचं'.

आता काय लिहायचे, तर हे असं: "पंख्याला तेल दिलं, घरघर कमी. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासली आणि चालली! ध्रुवावर गेलेल्या खलाशांचं पुस्तक, पान एकशे चाळीस. बर्फावर झोपलेल्या माणसाला म्हणे घराचीच स्वप्नं पडतात."

लिहिताना हा माणूस उमरखेडात नसायचा बरं का. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर उतरायचं, त्यात धूळ सावकाश तरंगायची, बाहेर एसटी स्टँडवरून गाड्यांची नावं पुकारलेली ऐकू यायची, आणि मधुसूदनराव कुठल्या तरी पांढऱ्या बर्फावरून चालत असायचे. बाजूला चहा यायचा, निवायचा, परत गरम होऊन यायचा. चहा आपोआप येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं, त्याला कोण काय करणार!

चहा आणायच्या त्या सुनीतीबाई. त्यांना या लिहिण्याचा भारी अभिमान. शेजारच्या कौसल्याबाईंना सांगायच्या, "आमचे हे घरचं सगळं लिहून ठेवून राह्यले. उद्या नातवंडं वाचतील, आजी-आजोबा कसे राहत होते ते."

यंदाच्या खंडेनवमीला मधुसूदनराव सकाळीच झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. आदल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उघडला होता. झाकण काढलेला डबा, वायरीसकट बाहेर काढून ठेवलेली डिस्क, पेचकस, पक्कड, सोल्डरिंगची कांडी, सगळं वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडलेलं. आता तुम्हीच सांगा, खंडेनवमीच्या सकाळी माणसानं आपली हत्यारं अशी ओळीनं मांडली, तर घरच्या बाईनं काय समजायचं?

सुनीतीबाईंनी आंघोळ करून ताम्हन आणलं. फुलानं सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. डिस्कला तर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं, कारण 'रोजचं' तिच्यातच राहतं हे त्यांना माहीत होतं. मग त्यांना आठवलं, गाडीची पूजा झाली की गाडी चालू करतात. हात जोडून त्यांनी बटण दाबलं.

फट् झालं. उदबत्तीच्या वासात जळका वास मिसळला.

मधुसूदनराव आले, पाहिलं आणि उभेच राहिले. रागावले असते तर परवडलं असतं. पण ते फुलांची पिशवी हातात तशीच धरून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नऊ वर्षं गेले, सुनीती."

"अहो, मले वाटलं तुम्ही पूजेलेच मांडून ठेवलं," सुनीतीबाई म्हणाल्या. "त्यात आपलं सगळं होतं ना हो? आपल्या पोरीचं, गुंजनचं लग्न, माझं ऑपरेशन, आपण सहस्रकुंडाच्या धबधब्याले गेलतो ते?"

"होतं ना," मधुसूदनराव म्हणाले. खोटं नाही बोलले. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

दुसरी प्रत नव्हती का? होती की! पण नव्या कसल्या तरी प्रयोगासाठी आठवड्यापूर्वी तीच पुसून घेतलेली. "उद्या घेऊ परत," असं म्हणून राहून गेलं. आणि हेच गृहस्थ अख्ख्या गल्लीला बजावत फिरायचे, एका जागी काही ठेवू नका म्हणून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दसऱ्याला सोनं द्यायला लोक आले, गेले. सुनीतीबाई कुणाशी हसल्या नाहीत. टेबलाच्या बाजूनं जायचं त्यांनी सोडलंच, झाडतानासुद्धा तेवढा कोपरा राहू द्यायच्या. "यांचे नऊ वर्षं माझ्या हातानं जाळले मी," असं कौसल्याबाईंजवळ म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. ते भिंतीपलीकडून मधुसूदनरावांनी ऐकलं. आता ती फाईल त्यांना स्वतःसाठी जितकी हवी होती, त्याहून जास्त हिच्यासाठी हवी झाली. फाईल परत आली तरच हिच्या डोक्यावरचं हे ओझं उतरणार होतं.

डिस्क तपासली तेव्हा थोडी आशा दिसली. आतल्या चकत्या शाबूत असाव्यात. जळली होती ती पोटाखालची हिरवी सर्किटची पाटी. अगदी त्याच जातीची दुसरी डिस्क मिळाली, तर तिची पाटी काढून हिला लावता आली असती. नागपूरला विचारलं, पुण्याला विचारलं. एवढी जुनी डिस्क म्हटल्यावर लोक फोनवरच हसायचे. शेवटी कुणीतरी ढाणकीच्या पूनमसिंग भंगारवाल्याचं नाव सांगितलं. मधुसूदनराव दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत बसले.

पूनमसिंगनं तीन पोती दाखवली. "साहेब, हात घाला अन् भेटलं तर घेऊन जा. मले तर साऱ्या एकसारख्याच दिसतात."

दोन तास उकिडवं बसून मधुसूदनराव एकेक डिस्क उन्हात धरून आकडे वाचत राहिले. तिसऱ्या पोत्याच्या तळाशी हवी ती सापडली, तेव्हा ते हसतच सुटले.

"एवढं काय होतं त्याच्यात?" पूनमसिंगनं विचारलं. "जमिनीचे कागद?"

"नाही. घरचं लिहिलेलं."

"मग तर न्याच. पण चहा घेऊन जा."

खरं अवघड काम पुढेच होतं. त्या डिस्कच्या खाणाखुणा जिच्यात असतात ती जुन्या पाटीवरची आठ पायांची एक बारीकशी चिप नव्या पाटीवर उतरवायची होती, तीळभरही वाकडी न बसवता. दिवाळीच्या आधीची ती दुपार. मधुसूदनराव भिंगाखाली वाकले, पण चिपचे पाय नीट दिसेनात. त्यांनी हाक मारली, "सुनीती, बॅटरी धर इथं."

त्या दारातूनच म्हणाल्या, "मी नाही येत बापा तिकडं. माझा हात वाईट आहे."

"ये म्हणतो ना! उजेड काय आता कौसल्यावहिनीले मागू?"

त्या आल्या. बॅटरी धरली. मधुसूदनराव म्हणाले, "हलू नको. श्वाससुद्धा हळू घे."

"मग काय जीव देऊ?" सुनीतीबाई म्हणाल्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या घरात दोघं एकदम हसले. कांडी बाजूला ठेवावी लागली एवढे हसले.

चिप बसली. पाटी बसली. वायर लावली, तेव्हा सुनीतीबाईंनी डोळे गच्च मिटले. आतून सूं असा बारीक आवाज आला, मग डिस्क एकसारखी फिरू लागली. पडद्यावर नावं उमटली आणि त्या नावांत 'रोजचं' होतं. पहिल्या दिवसापासून सगळं जसंच्या तसं. मधुसूदनरावांचे डोळे भरून आले. "आलं गं सगळं परत. काही नाही गेलं तुझ्या हातानं."

सुनीतीबाई मागच्या खाटेवर मटकन बसल्या. देवाला हात जोडून झाले. मग लाजत लाजत म्हणाल्या, "सहस्रकुंडाचं वाचा ना. तो दिवस मले लई आवडला होता."

मधुसूदनरावांनी उत्साहानं शोधलं. सापडलं. त्या तारखेला एकच ओळ होती: "आज बाहेरगावी. काम झालं नाही."

घाईघाईनं त्यांनी गुंजनच्या लग्नाची तारीख काढली. "घरात गर्दी. टेबल हलवावं लागलं." ऑपरेशनच्या आठवड्यात नुसतं खलाशांचं पुस्तक, दवाखान्यात बसून वाचलेली तीनशे पानं. शेवटी त्यांनी शोधायच्या चौकोनात तिचं नाव लिहिलं. नऊ वर्षांची फाईल क्षणात धुंडाळून झाली आणि उत्तर आलं: 'सुनीती' कुठेही नाही.

"सापडलं नाही का?" मागून आवाज आला.

"सापडलं, सापडलं." मधुसूदनरावांनी घसा खाकरला आणि त्या उत्तराकडेच पाहत वाचायला लागले. "आज सहस्रकुंड. सकाळची एसटी. सुनीतीनं दशम्या अन् चटणी बांधून घेतली. खिडकीची जागा तिनं मला दिली."

वाचता वाचता ते खरोखरच तिथं जाऊन पोचले. पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली पडत होती, तुषार वर येत होते, सगळं पांढरं धूसर दिसत होतं आणि त्या पांढऱ्यात हिरव्या साडीतली बायको चपला हातात घेऊन उभी होती. आपण हे पाहिलं होतं तर! मग ठेवलं कुठं होतं एवढे दिवस?

"पाण्याच्या आवाजात तिनं मला काहीतरी विचारलं," मधुसूदनराव वाचत राहिले. "मला ऐकू आलं नाही. मी नुसतीच मान हलवली. तिनं परत विचारलं नाही. काय विचारलं होतं, कोण जाणे."

"इथं परत कधी येऊ, असं विचारलं होतं."

आवाज अगदी कानाशी आला. मधुसूदनरावांनी चमकून मान वळवली. खाट रिकामी होती. सुनीतीबाई खुर्चीला टेकून केव्हाच्या मागं उभ्या होत्या, आणि पडद्यावर "'सुनीती' कुठेही नाही" ही ओळ अजून तशीच होती.

मधुसूदनरावांनी पडदा झाकायला हात पुढं केला. सुनीतीबाईंनी तो हात धरला.

"मले वाचता येते," त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "थांबले काहून? वाचा ना पुढं."