गोफणीमागचा हात

"पंखा आठे शे, आनि वारा बठ्ठा तठे जास," सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. सगळा वारा तठे, म्हणजे व्यासपीठावर. धरणगावच्या वाचनालयात त्यांचा मुलगा जितेंद्र, म्हणजे आमचे हे, कृष्णद्रव्यावर, म्हणजे डार्क मॅटरवर, बोलत होते.

भाषण माझं होतं. दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण यांच्या कॉलेजातली पुस्तकं घरी यायची. भाकरी थापता थापता मी त्यातली आकाशगंगा वाचून काढली. वाचनालयाच्या ज्योत्स्नाताईंनी बोलावलं होतं ते मलाच. पण हे म्हणाले, "नूतन, तुला माइकची सवय नाही. मी वाचतो, नाव तुझंच घेतो."

सुरुवातीला घेतील वाटलं. मग वाटलं, शेवटी घेतील. फलकावर यांचंच नाव होतं. घरच्यांना ठाऊक, ज्योत्स्नाताईंना ठाऊक. सगळे पंख्याकडे बघत होते.

"लहानपणी मी ज्वारी राखायचो," हे सांगत होते. राखली मी, माहेरी साक्रीकडे. यांनी गोफण कधी हातातही धरली नाही. "गोफण जितकी जोरात फिरवाल, तितकी घट्ट धरावी लागते. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतके वेगानं फिरतात, की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीला ते आवरलेच नसते. भिरकावले गेले असते. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे."

टाळ्या पडल्या. आपल्याच ओळींना दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, हेही एक कसब आहे. मी वाजवल्या.

केळीवाले झुलाल आबा उठले. "सर, तुमचं ओढीचं गणितच चुकलं नसेल कशावरून?"

उत्तर होतं. दीर्घिकांच्या थव्याजवळून येणारा मागचा प्रकाश वाकतो, आणि तोही दिसणाऱ्या पदार्थाच्या मानानं फार जास्त. मोजायच्या दोन वेगळ्या रीती, दोन्हींतून निघतं तेच. मी ते शेवटच्या पानाच्या पाठीमागे लिहिलं होतं. कागदाची पाठ कोरी सोडणं माझ्या जिवावर येतं. यांनी झेरॉक्स एकाच बाजूची काढली.

यांनी पान उलटलं. कोरं. मग माझ्याकडे बघितलं, घरी किल्ली सापडली नाही की बघतात तसं. वीस वर्षं मी त्या नजरेला किल्ली काढून दिली. आताही उत्तर ओठांवर आलं. मी ते गिळलं.

आबा उभेच होते.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"जितू, तिनाकडे काय देखस? हाई बठ्ठं नूतननं लिखेल शे."