वासाच्या परीक्षेची बाटली

“या वर्षी तुझ्या सरांना वास ओळखायला लावू नकोस गं. त्यांना वासच येत नाही. तीन वर्षांपूर्वी तापात जो गेला तो परत आलाच नाही.”

काकू माझं बूच पुसता पुसता हे म्हणाल्या, तेव्हा सचिवबाई खुदकन हसल्या. “काहीतरीच काय काकू! गेल्या वर्षी त्यांनी लवंगेचा एक थेंब पकडला होता. तुमचं ऑपरेशन नीट पार पडू दे, मग बोलू निवांत.”

काकूंनी बूच लावलं, पर्स उचलली आणि त्या गेल्या. ऑपरेशन नीट पार पडलं नाही. ते निवांत बोलणं राहूनच गेलं.

मित्रांनो, त्या दोघींच्या मधे टेबलावर जी तपकिरी काचेची बाटली उभी होती, ती मी. आता जुनी झाले आहे. एका काचकाराने मला नळीने फुंकून घडवलं. माझं बूचही काचेचं. ते माझ्या गळ्यात चपखल बसावं म्हणून त्याने बारीक वाळू लावून ते तासभर घासलं. घासताना मला फार त्रास झाला, पण त्यामुळे आतला वास बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. या गुणावरच तर मला निवडलं.

मला विकत घेतलं ते क्रीम, शाम्पू, पावडरी आणि लिपस्टिका बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेने. वर्षातून एकदा त्यांची सभा भरते. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, अहवाल मंजूर करतात, निवडणूक घेतात आणि त्या वर्षीच्या नव्या प्रसाधनांपैकी कोणाला संस्थेचा शिक्का द्यायचा ते ठरवतात. पण त्याआधी एक रीत असते. माझ्यात कुणालाही न सांगता एक मिश्रण भरायचं, कागदाची पट्टी त्यात बुडवायची, आणि मुख्य परीक्षकाने सगळ्यांसमोर त्यात काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की टाळ्या, आणि मग सभेला सुरुवात. ज्याच्या नाकावर भरवसा, त्याच्याच हाती शिक्का.

अठ्ठावीस वर्षं हा मान काकूंच्या यजमानांकडे होता. लोक त्यांना तोंडावरच ‘नाकसाहेब’ म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. सचिवबाई त्यांची विद्यार्थिनी. मला भरायचं काम काकूंचं, त्याही संस्थेच्या प्रयोगशाळेतल्याच. कुठला वास भरला हे नवऱ्यालाही सांगायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. शेवटची तीन वर्षं मात्र सगळे गेले की त्या दार लोटत आणि यजमानांच्या कानाशी लागत. “वर संत्र्याची साल आहे. मग देवदार. तळाला जरासं व्हॅनिला.” ते मान हलवत. एकदा त्यांनी विचारलं, “किती दिवस असं?” काकू म्हणाल्या, “मी आहे तोवर.”

हे चूक होतं की बरोबर, ते मला बाटलीला काय कळणार? दोघं एकमेकांकडे बघत नसत, एवढं मी पाहिलं.

काकू गेल्यानंतरच्या सभेआधी भरायचं काम सचिवबाईंवर आलं. आदल्या दुपारी उपाध्यक्ष कार्यालयात आले. त्यांचा लिपस्टिकचा कारखाना आहे, आणि परीक्षकाच्या खुर्चीवर त्यांचा कधीपासून डोळा होता.

“बाई, उद्या पाणी भरा.”

“पाणी?”

“साधं, गाळलेलं. बघू तरी नाकसाहेब काय म्हणतात.”

“काय म्हणणार? पाणी आहे म्हणतील आणि चारचौघांत तुमचीच जिरेल.”

“मग भरा की! घाबरता कशाला?”

सचिवबाई घाबरल्या नाहीत, हेच वाईट झालं. आपल्या सरांवर त्यांचा एवढा विश्वास होता, की उद्या उपाध्यक्षांचं तोंड कसं होईल या कल्पनेनेच त्या गालात हसल्या. मला त्यांनी अल्कोहोलने तीनदा विसळलं, वाळवलं आणि पाणी भरलं. इतकी स्वच्छ मी कधीच नव्हते.

संध्याकाळी नाकसाहेब आले. सदऱ्याला इस्त्री नव्हती. ते उगाचच कपाटातल्या फायली सरळ करत राहिले. मग म्हणाले, “काय भरलंयस गं?”

“सर, माझी परीक्षा घेताय ना? नाही सांगणार!”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “सांगायचं नसतंच.” जाताना दाराशी ते थांबले. बाईंचा फोन वाजला. घरी लेकराला ताप होता. तेवढ्यात ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सचिवबाईंनी पट्टी बुडवून सरांच्या हातात दिली. त्यांनी ती हवेत हलवली, नाकाखालून हळूच नेली, डोळे मिटले. बाई उपाध्यक्षांकडे बघत होत्या, आता यांची जिरणार म्हणून.

“वरचा थर लिंबाच्या सालीचा,” सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. “मधे गुलाब, पण ताजा नव्हे, वाळलेला. आणि तळाला कस्तुरी. अगदी थोडी. ज्याने भरलं त्याचा हात हलका आहे.”

टाळ्या सुरू झाल्या. सचिवबाईंचे हात मात्र वर आलेच नाहीत.

उपाध्यक्ष सावकाश उठले. त्यांनी मला उचललं, बूच काढलं आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावून मला रिकामं केलं. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. त्यांनी रुमालाने ओठ टिपले.

“कस्तुरी जरा कमी पडली,” ते म्हणाले. “मंडळी, पाणी आहे! नळाचं नाही हो, गाळलेलं. साहेबांचा तेवढा मान ठेवला.”

मित्रांनो, अख्खं सभागृह हसलं. ज्यांच्या क्रीमला सरांनी शिक्का दिला होता ते हसले, आणि ज्यांना नाकारला होता ते तर डोळे पुसपुसून हसले. पोटात एक थेंबही नसताना मी टेबलावर उभी होते.

सर बाईंकडे वळले. “पोरी, तू भरलंस?”

“हो सर.”

“बाटली नीट विसळली होतीस?”

“तीनदा.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि पट्टीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

पुढचं काम चटचट उरकलं. हात वर करून मतदान झालं आणि उपाध्यक्ष मुख्य परीक्षक झाले. सरांना निरोपाचा गुच्छ दिला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला. मागून कोणीतरी विचारलं, “कसा येतोय वास?” पुन्हा हशा. सर खाली उतरले, ते थेट दाराबाहेर. इतिवृत्तात सचिवबाईंनी लिहिलं: ‘मुख्य परीक्षकांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले.’ लिहिताना त्यांचं पेन दोनदा थांबलं, पण त्यांनी लिहिलं.

नव्या परीक्षकांनी ती रीतच बंद केली. आता मी कार्यालयाच्या खिडकीत असते. माझ्यात कुणीतरी एक वेल खोचली आहे. पाणी आठ-आठ दिवस बदलत नाहीत. हिरवट शेवाळ धरलंय.

सचिवबाईंनी सरांना एकदा फोन केला. “मी बरा आहे,” असं ते म्हणाले. त्यांना काकूंचं बोलणं सांगावं, माफी मागावी, असं बाईंच्या मनात फार होतं. “रविवारी येते सर,” असं त्या म्हणाल्या. त्या रविवारी लेकराचे दात येत होते. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं ते त्यांनाही आठवत नाही.

मग शेजाऱ्यांचा फोन आला. सरांनी आंबलेली आमटी खाल्ली होती. दोन दिवस दवाखान्यात काढून ते घरी परतले होते, एकटेच. कार्यालयात नवे परीक्षक म्हणाले, “आधी नाक गेलं, आता पोटही गेलं!” सचिवबाई हसल्या नाहीत. पण त्या उठून गेल्याही नाहीत. “या रविवारी नक्की,” असं त्या माझ्याकडे, म्हणजे खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या.

मित्रांनो, मला कोणी उचलल्याशिवाय हलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असं एक माणूस असेल, ज्याला कालपर्यंत सांभाळणारं आज कोणी उरलं नाही. त्याच्याकडे आजच जा. दारातूनच “बरे आहात ना?” विचारून परतू नका, “बरा आहे” म्हणायला काही लागत नाही. आत जा. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढा, आमटी कालची की परवाची ते बघा, गॅसचं बटण बंद आहे का ते बघा. आणि मग स्वयंपाकघरात उभं राहून, त्याच्यासाठी, एक खोल श्वास घ्या.