ज्या शॉटला मी वाजले नाही

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी तुम्हांला आंबट वास येईल. नाक मुरडू नका. एका उन्हाळ्यात माझ्यावर सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातली होती, त्यांचा तो वास. डाव्या कोपऱ्यावर बारीक खाचा दिसतील, त्या दुधाच्या दातांच्या. एवढं ऐकून तुम्हांला वाटेल, ही स्वयंपाकघरातली कुणीतरी दिसते. तसं नाही. मी सिनेमातली आहे. मी एक जुनी क्लॅपची पाटी आहे.

सिनेमातली असले तरी पडद्यावर मी कधी दिसत नाही. कॅमेरा फक्त चित्र टिपतो, आवाज दुसऱ्याच यंत्रात जातो, आणि नंतर दोन्ही जुळवावे लागतात. म्हणून शॉट सुरू होताना माझ्यावर खडूने आकडे लिहितात, मला कॅमेऱ्यासमोर धरतात आणि माझी वरची पट्टी खालच्या पट्टीवर आपटतात. टाक्. पट्टी टेकलेली दिसते तिथे तो टाक् बसवला, की चित्र आणि आवाज यांचं लग्न लागलं. लग्न लागलं की मला कापून टाकतात. भटजींना निदान जेवायला तरी वाढतात.

माझा जन्म गोव्यातल्या पेडण्याचा. बाबली मेस्त नावाच्या सुताराकडे कुणाच्या तरी दाराचं फणसाचं लाकूड उरलं होतं. प्रज्योत नावाचा एक लुकडा तरुण कागदावर माझं चित्र काढून घेऊन आला. बाबलीने तो कागद उलटासुलटा करून पाहिला.

“ह्यां कित्याक? मासळी कापूक?”

सिनेमा करायला, असं प्रज्योतने सांगितल्यावर बाबलीने मला आणखी दोनदा घासलं. सिनेमात बायका असतात, त्यांच्या हातात कुसळ जाता कामा नये, असं त्याचं म्हणणं. पट्ट्यांवर काळे-पांढरे पट्टे प्रज्योतने स्वतः रंगवले. एक पट्टा तिरका झाला, तो अजून तिरकाच आहे.

प्रज्योतचे बाबा, रामचंद्र, डिचोलीकडच्या खाणींवर स्वतःचा ट्रक चालवायचे. पहाटे घर सोडायचे आणि परतायचे ते डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन. खनिजाची ती धूळ त्यांच्या भुवयांतही असायची. हे सगळं मला कसं ठाऊक? प्रज्योतच्या पहिल्या कवितेतून. तो कविता कागदावर करत नसे. शूटिंगमध्ये ढग जाईपर्यंत, नाहीतर कुणाची कोंबडी अंगणातून हलेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात तो मला उलटी करून मांडीवर घ्यायचा आणि माझ्या पाठीवर खडूने लिहायचा. ती पहिली कविता अशी होती:

बाबा घरी येतात तेव्हा
आधी धूळ येते,
मग हॉर्न,
आणि सगळ्यांत शेवटी बाबा.

लिहून झालं की तो दोनदा वाचायचा आणि बाहीने पुसून टाकायचा. सेजल, जी मला हातात धरायची आणि पुढे त्याची बायको झाली, ती चिडायची. अरे, उतरवून तरी घे कुठे. तो म्हणायचा, राहायची ती राहील. काही खरंच राहिल्या. त्यांचा एक लहानसा संग्रहही निघाला. फोंड्याच्या कविसंमेलनात त्याने त्यातल्या दोन वाचल्या, आणि मला सोबत नेलं नव्हतं तरी टाळ्या पडल्या म्हणे.

मी त्याच्याबरोबर खूप हिंडले. काजूच्या भट्टीवर हिंडले, दशावतारी नटांच्या रंगाच्या पेटीशेजारी बसले, फेरीबोटीत भिजले. पोटासाठी तो लग्नांचं चित्रण करायचा, तिथे माझं काम नसे. मग एका छोट्या सिनेमाचं कौतुक झालं. पणजीच्या महोत्सवात लोक उभे राहिले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात सेजलच्या कोपराखाली माझा तिरका पट्टा दिसतो.

त्या दिवशी रामचंद्रही गेले होते. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर प्रज्योतने विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, “खुर्च्यो बऱ्यो आसत.”

वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते ते. थट्टेखोर होते. कविता म्हणजे ट्रकाच्या मागे लिहितात तीच ना, असं ते पाहुण्यांसमोर विचारायचे आणि मिशीत हसायचे. प्रज्योतही हसायचा. पण त्यानंतरच्या कविता पुसताना त्याचा हात जड व्हायचा, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? मुलासाठी लोक टाळ्या वाजवतात तेव्हाही त्याचे डोळे एकाच माणसाला शोधत असतात.

मग बंदी आली आणि खाणी थांबल्या. रामचंद्रांचा ट्रक घरामागच्या काजूखाली उभा राहिला तो राहिलाच. त्याच सुमाराला प्रज्योतला मोठ्या मंडळींची कामं मिळू लागली. त्यांच्याकडे दिव्यांनी चमकणाऱ्या पाट्या होत्या. माझी गरज उरली नाही. त्याची आई, प्रभावती, काटकसरी बाई. चांगली फळी फुकट कशाला जायची, म्हणून तिने माझ्यावर सोलं घातली. पुढे प्रज्योत-सेजलची छोटी गौरवी रांगू लागली. तिला दात येताना हिरड्या शिवशिवायच्या, आणि घरातली सगळी खेळणी सोडून तिला माझाच कोपरा लागायचा. लाळेने मी भिजून जायचे. मित्रांनो, खरं सांगते, एवढ्या प्रेमाने मला कुठल्याच सिनेमात कुणी धरलं नव्हतं.

तरी टाक् ऐकल्याशिवाय दिवस जायचे, ते जडच जायचे.

मग एक दिवस प्रज्योतने मला फडक्याने पुसलं आणि पुन्हा काळा रंग दिला. तो स्वतःचा पहिला मोठा सिनेमा करत होता, उभ्या राहिलेल्या एका ट्रकाचा. ट्रक अर्थातच घरामागचा. सगळं चित्रण झालं, फक्त शेवट राहिला. म्हातारा ड्रायव्हर ट्रकाला निरोप देण्याआधी गाऱ्हाणं घालतो, एवढाच शॉट.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेले लोक एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” नवी विहीर असो, नवी मोटरसायकल असो, वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, रामचंद्रांनाच बोलावणं यायचं. तेव्हा तो म्हातारा दुसरा कोण होणार?

प्रज्योतने त्यांच्यासाठी गाऱ्हाणं लिहिलं. त्या कवितेएवढा खडू माझ्या पाठीवर कधी झिजला नव्हता. लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी ती अशी उरली:

डोंगर पोखरून आम्ही घर बांधलं,
आता घरात बसून डोंगर आठवतो.
माती, तुझी चाकं तुला परत देतो,
आमची झोप आम्हांला परत दे.

ज्यांनी त्याची एक कविता कधी वाचली नव्हती, त्यांच्या तोंडून त्याचे शब्द येणार होते. सिनेमा गेला उडत, प्रज्योतला हेच हवं होतं. सेजलला त्याने तसं सांगितलंही. रामचंद्र आधी कुरकुरले. देवाशी नाटक करायचं नसतं म्हणाले. पण मग सेजलने ती उतरवून दिलेला कागद त्यांनी घेतला आणि गुरांना पाणी दाखवताना ते पुटपुटू लागले.

ट्रक भंगारात विकला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाचे लोक न्यायला येणार होते. म्हणजे हाती एकच संध्याकाळ. काजूमागून तिरपं ऊन ट्रकाच्या तोंडावर पडेल तेवढाच वेळ.

सगळा वाडा बघायला जमला. प्रज्योतने हात जोडून सांगितलं, कुणी बोलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेजलने मला धरलं. टाक्. रामचंद्रांनी नारळ समोर ठेवला, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली.

“व्हय म्हाराजा,” वाडा म्हणाला.

प्रज्योतने शॉट थांबवला. लोक ओशाळले, हसले. पुन्हा टाक्. पुन्हा पहिली ओळ. या वेळी बहुतेक जण गप्प होते, पण मागून दोन म्हाताऱ्यांनी सूर लावलाच. पुन्हा टाक्. आता एका काकीने पदर तोंडात कोंबला होता, तर तिच्या नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं. कुणी मुद्दाम करत नव्हतं. गाऱ्हाणं ऐकायचं आणि गप्प राहायचं, हे त्या लोकांना जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यावरचा आकडा वाढत गेला. आवाजाचं यंत्र सांभाळणारा गणेश डोक्याला हात लावून बसला.

“बाबांनु, थोडा वेळ गप रवा रे,” प्रज्योत काकुळतीला आला.

तेव्हा रामचंद्र डोळे उघडून म्हणाले, “ते गप रवले तर माझां गाऱ्हाणां पोचतलां कसां?”

ऊन ट्रकाच्या काचेवरून खाली सरकलं होतं. प्रज्योतने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग म्हणाला, या सगळे, बाबांच्या मागे उभे राहा. म्हणा काय म्हणायचं ते.

लोक सरसावले. सेजल माझ्यावरचा आकडा पुसून नवा लिहीत होती. कॅमेरा चालू झाला होता, पण मी अजून तिच्या गुडघ्यावर होते. आणि रामचंद्रांनी माझी वाट न बघता सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या ट्रकान माझ्या घरची चूल पेटती ठेवली. आज तो जाता हा. खंय गेलो तरी तेका कोणी लाथ मारू नये, अशी बुद्धी दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

हे कवितेतलं नव्हतं. प्रज्योतचा हात वर गेला. एक शब्द उच्चारला असता तर शॉट थांबला असता, पुन्हा एकदा करण्याइतकं ऊनही कदाचित उरलं असतं. हात तसाच हवेत राहिला.

“ज्या डोंगराक आमी खणलां, तेची माफी आमच्या पदरात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

रामचंद्रांनी मुलाकडे हात केला.

“आणि ह्यो माझो झील. हेना काय आरंभलां हा, तां माका कळणा नाय. पण जां आरंभलां हा, तां शेवटाक ने रे म्हाराजा. माझ्यासारखो तेका मधीच थांबवू नको.”

वाड्याने उत्तर दिलं. ते विरल्यावर कॅमेऱ्याच्या मागून एक एकटा, फाटका आवाज आला. “व्हय म्हाराजा.” तो प्रज्योतचा होता.

मित्रांनो, सुरुवातीला क्लॅप द्यायचा राहिला तर शेवटी मला उलटी धरून वाजवतात. नियमच आहे तो. नाहीतर चित्र आणि आवाज जुळणार कसे? सेजलने मला उलटी धरली, पट्टी उघडली. गणेश खुणा करत होता, मार, मार. समोर रामचंद्र ट्रकाच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, पाठमोरे. त्यांचे खांदे हलत होते. सेजलने माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वतःचं बोट घातलं आणि पट्टी हळूच मिटली. मी वाजले नाही.

पुढे गणेशने खूप त्रागा केला. लोकांचे ओठ बघून बघून त्याने तो शॉट कसाबसा जुळवला. शेवटी डायरेक्टरचा आवाज घुसलाय, तो काढून टाकतो, असं म्हणाला. प्रज्योत म्हणाला, “रवंदे.”

ट्रक ठरल्याप्रमाणे सकाळी गेला. सिनेमा लोकांना आवडला. पण प्रज्योतची कविता त्यात नाही. मला मात्र त्याने घरात आणून खिळ्याला टांगलं, माजघरात, झोळीच्या समोर.

एका दुपारी रामचंद्र गौरवीला झोळीत घालून झोके देत होते. पोर झोपायला तयार नव्हती. मग ते हळू आवाजात गुणगुणू लागले. डोंगर पोखरून आम्ही घर बांधलं. पोर पेंगेपर्यंत सगळी म्हटली. एकही शब्द चुकला नाही. प्रज्योत दारात उभा होता, हातात नवा कॅमेरा. तो त्याने सावकाश उंबऱ्यावर ठेवला.

“बाबा, ही तुमका पाठ आसा?”

“तवांच केल्लंय,” रामचंद्र झोक्याची लय न मोडता म्हणाले. “देवाकडे मागताना दुसऱ्याचे शब्द चलणत नाय रे. नातीक चलतत. आता गप रव, ती जागी होयत.”

प्रज्योत खाली बसला. रामचंद्रांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पाट्यांना ओल लागू देऊ नका, खडू ओल्या फडक्याने पुसू नका, बिजागरीला वर्षातून एकदा तेलाचं बोट लावा. एवढ्यावर आम्ही पुष्कळ टिकतो. आणि घरातलं कुणी तुमच्यासाठी काही गुणगुणत असेल, तर हातातलं खाली ठेवून त्याच्याजवळ जरा बसा. त्या क्षणाची खूण करायला तिथे कुणी पाटी घेऊन येणार नाही.