अंगठ्याखालची काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. आरशाची नाही आणि खिडकीची तर नाहीच. माझ्यात तोंड पाहायला कोणी येत नाही. आलेला माणूस बहुधा मान खाली घालूनच येतो. अमरावती जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी टेबलावर असायची. माझ्यावर काळी शाई घ्यायची, रोलरनं पातळ पसरायची, तिच्यावर माणसाचं बोट फिरवायचं आणि तेच बोट मग कागदावर. झाला ठसा!

मला अकोल्याहून कापून आणलं पुंजाराम हवालदारांनी. रोज सकाळी रॉकेलच्या फडक्यानं ते मला पुसायचे आणि म्हणायचे, "हे साफ, तं माहं काम साफ." किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

पूर्वी आमचे ठसे आमच्याच कपाटात पडून राहायचे. चोर शेजारच्या राज्यात गेला की सुटला! मग दिल्लीहून हुकूम आला, की टोळ्यांच्या माणसांचे ठसे सगळ्या राज्यांनी एकाच कार्यालयात पाठवायचे. तिथली माणसं म्हणे भिंग घेऊन दिवसभर रेषा जुळवत बसतात. पुंजारामांचा एकही कागद 'ठसा नीट नाही' म्हणून तिथून कधी परत आला नाही. याचा त्यांना गर्व होता आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात बोगस बियाण्याची टोळी उघडी पडली. पुड्या एका राज्यात छापायच्या, बी दुसऱ्या राज्यात भरायचं आणि विकायचं आमच्या वऱ्हाडात. लोकांनी कपाशी पेरली आणि ती उगवेचना. वरूडच्या एका गोदामात त्या पुड्यांची खोकी सापडली. एका खोक्याच्या चिकटपट्टीवर, आतल्या बाजूला, एक अंगठा स्वच्छ उमटला होता. तो खोकं भरणाऱ्याचा, हे उघड होतं. पण ती खोकी आणली होती नबीच्या टेम्पोनं.

नबी एरवी संत्री वाहायचा. "साहेब, मी किरायानं माल आनतो," तो म्हणाला. "खोक्यात काय हाय, मले काय मालूम?"

त्या दिवशी ठाण्यात ही गर्दी! पुंजारामांच्या हातून मला पुसायचं राहिलं. कालच्या वाळक्या शाईवरच त्यांनी नवी शाई फिरवली. मला कळत होतं हो, पण मी कुठून बोलणार? नबीचा अंगठा माझ्यावर टेकला, कागदावर उमटला आणि दिल्लीला गेला.

महिन्यानं कागद उत्तरासकट परत आला. ठसा अस्पष्ट, चिकटपट्टीवरचा अंगठा याचा आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. ठाण्याचे साहेब म्हणाले, "मग राहू द्या नाव संशयितांच्या यादीत." दर सोमवारी नबीला हजेरी लागली.

पुंजाराम सगळ्यांना सांगायचे, "खोकी उचलून याचीच बोटं घासली हायत. माह्या ठशात खोट नसते." दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कागद परत आला होता, ते त्यांना फार लागलं होतं.

मग एका सोमवारी नबी आला आणि सही न करता उभाच राहिला. "हवालदारसाहेब, आता आंबिया बहाराची संत्री निघतीन," तो म्हणाला. "पन कोनी बागवाला मले माल देऊन नाही राहिला. टोळीतला मानूस म्हन्तेत. घरी माही बायको नईमा विचारते, कवा सुटका होईन? काय सांगू तिले?"

तो गेल्यावर पुंजारामांनी मला उचलून उजेडात धरलं. माझ्या कडेवरून नख ओढलं. रोज पुसूनही तिथे चिकटून राहिलेल्या जुन्या शाईची काळी खपली निघाली. त्या गर्दीच्या दिवशीचं राहिलेलं पुसणं त्यांना आठवलं असावं, ते माझ्याकडे बघतच राहिले. मला इतकी लाज वाटली, की तिथेच तडकावं!

मग त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं: ठसा घेताना काच अस्वच्छ होती, चूक माझी आहे, पुन्हा ठसा घेण्याची परवानगी मिळावी. साहेब म्हणाले, "पुंजाराम, जाता जाता कशाला डाग लावून घेता?" ते म्हणाले, "डाग लागला त्या पोराले, साहेब."

परवानगी आली. या वेळी ठसा घेण्याआधी मला तीनदा पुसलं. ऑक्टोबरात उत्तर आलं: अंगठा नबीचा नाही. तो दुसऱ्याच एका राज्यातून आलेल्या कागदाशी जुळला होता. पुढे टोळीही धरली गेली.

नबी शेवटची सही करायला आला. सही झाली तरी जाईना. त्यानं रॉकेलचं फडकं घेतलं आणि मला कडेपर्यंत पुसून काढलं.

"काहून रे बाबा? आता तुहं काम झालं ना?" पुंजारामांनी विचारलं.

"माह्यामागून जो येईन," नबी म्हणाला, "तो बी कोनाच्या तरी घरचा मानूस असन."

आता ठाण्यात ठसे घ्यायचं मशीन आहे. मी कपाटात फायलींच्या खाली पडून असते. त्याची तक्रार नाही, म्हातारपणी शांत बरं. पण त्या मशीनलाही वरून काच आहे म्हणे. ती रोज पुसतात ना हो, मित्रांनो?