परत येणारा राजमा

लांब मुदतीच्या आजाऱ्यांच्या त्या रुग्णालयात कोण किती जेवलं, याची काळजी दोघींना असायची. एक आहारतज्ज्ञ मॅडम. त्यांच्याकडे तक्ता होता. दुसरी ताटमावशी, तिच्याकडे खरकट्याची बादली होती.

ताटमावशी म्हणजे स्वयंपाकघरामागच्या मोरीवर एकवीस वर्षं ताटं घासणारी बाई. हात पाण्यात, पण डोळे ताटात. कुठल्या वॉर्डात भात कच्चा गेला, कोणाला भाजी खारट लागली, कोण रुसून उठलं, सगळं तिला ताटावरून कळायचं. आणि चौकस इतकी, की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती हिची पाठ सोडायची नाही आणि ही तिची.

या खेपेला डोक्यात राजमा शिरला होता. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी राजमा असे, आणि नेमकी त्याच दिवशी बादली जड होई. गंमत म्हणजे रस्सा चाटूनपुसून संपलेला, दाणे तेवढे ताटाच्या कडेला लावून ठेवलेले. पदार्थच आवडला नसता तर रस्साही राहिला असता. मग दाण्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं?

तिने आचाऱ्याला गाठलं. तो घामाघूम होऊन पातेलं उतरवत होता.

“आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते, मावशी.”

“चव नाही तर रस्सा कसा संपतो?”

“मग पाणी जड असेल आपलं. चार-चार तास शिजवतो, सोडा घालतो. आता काय दाण्यांच्या पाया पडू? तुम्ही तुमची ताटं बघा ना.”

तिने पातेल्यातला एक दाणा चिमटीत दाबला. साल सरकली, पण आतला गर खडूसारखा घट्टच. “मूठभर कच्चे दाणे देता?” तिने विचारलं. आचाऱ्याने वैतागून दोन मुठी दिल्या.

चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने ती पुरुषांच्या वॉर्डात शिरली. खिडकीजवळ घड्याळवाले आजोबा होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता मोडलेला पाय प्लास्टरमध्ये टांगून तीन महिने पडून होता. हाड काही जुळत नव्हतं.

“आजोबा, राजमा का टाकता हो?”

आजोबांनी आधी दाराकडे पाहिलं. “मॅडमना सांगणार नाहीस ना? माझे सातच दात उरलेत. ते या खड्यांवर खर्च करू?”

“मग मॅडमना का सांगत नाही?”

“ती पोर रोज विचारते, जेवलात ना सगळं? किती मनापासून विचारते! मी म्हणतो, हो. तिला कशाला नाराज करायचं?” त्यांनी हळूच आजूबाजूच्या खाटांकडे बोट केलं. “हे सगळेही हो म्हणतात.”

मावशी घरी गेली ती वाटेत दुकानातून पावशेर राजमा घेऊनच. रुग्णालयाच्या नळाचं पाणीही तिने बाटलीत भरून आणलं होतं. रात्रभर सगळं भिजवलं आणि सुट्टी असल्यामुळे सकाळीच तीन पातेली मांडली. एकात रुग्णालयाचे दाणे, घरचं पाणी. दुसऱ्यात दुकानातले दाणे, घरचं पाणी. तिसऱ्यात दुकानातले दाणे आणि रुग्णालयाचं पाणी.

“अगं, जेवायला आपण दोघं आणि पातेली तीन?” नवऱ्याने विचारलं. कवळी बसवल्यापासून त्याचं जेवणावर बारीक लक्ष असे.

“तुम्ही फक्त घड्याळ बघा.”

सव्वा तासात दुकानातले दाणे दोन्ही पाण्यांत लोण्यासारखे झाले. रुग्णालयाचे तीन तासांनीही पातेल्यात खडखडत होते. म्हणजे बिचाऱ्या पाण्याचा दोष नव्हता, आणि आचाऱ्याचाही नव्हता. मावशीला इतका आनंद झाला, की ते खडखडणारे दाणे तिने त्याच भरात मिक्सरमध्ये घातले, भरड केली आणि पुन्हा उकळली. घट्ट सूप झालं. नवऱ्याने दोन वाट्या ओरपल्या आणि तिसरीसाठी वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी ती कोठीत गेली. कोठीवाले काका शिस्तीचे. पोती छतापर्यंत रचलेली, जमिनीवर एक दाणा सांडलेला नाही. पण आत पाऊल टाकताच अंगाला दमट ऊब लागली. मावशीने पोत्यांमागच्या भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“भिंतीपलीकडे धुलाईघर आहे,” काका म्हणाले. “वाफेचे नळ तिथूनच जातात.”

“ही पोती कधीची?”

काकांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. “अडीच वर्षांपूर्वीची. जुनं आधी वापरायचं, नवं मागे लावायचं, हा आपला नियम.”

“पण इतका साठा कशाला?”

“पूर आठवतो ना? सहा आठवडे गाडी आली नव्हती. पेशंटना नुसत्या पातळ भातावर ठेवलं होतं आपण. त्यानंतर वरून हुकूम आला, दोन वर्षांचं कडधान्य कायम कोठीत हवं.” काकांचा आवाज जरा चढला. “कीड नाही, बुरशी नाही. एक दाणा वाया जाऊ दिलेला नाही मी.”

“वाया जातोय, काका. माझ्या बादलीत जातोय.”

काकांचा चेहरा पडला. मावशीलाही वाईट वाटलं. उपाशी राहायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून हा माणूस जिवापाड पोती सांभाळत होता, आणि सांभाळता सांभाळताच ती खायच्या लायकीची उरत नव्हती.

मावशीने सगळं मॅडमच्या कानावर घातलं, पण त्यांना आधी खरं वाटेना. गुरुवारी त्या वजनकाटा घेऊन मोरीवर आल्या, बाह्या सारल्या आणि मावशीच्या बरोबरीने ताटांतले दाणे वेगळे करायला बसल्या. वाढलेल्यापैकी निम्म्याहून जास्त दाणे परत आले होते. मॅडमनी काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

“मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगत होते, आहारात काही कमी नाही. तक्ताच खोटा निघाला.”

“खोटा नाही, मॅडम. वाढेपर्यंतचा होता. पुढचा कोणी लिहीतच नव्हतं.”

मॅडम जराशा हसल्या. उष्ण, दमट जागी कडधान्य फार दिवस राहिलं की आतून घट्ट होतं, मग कितीही उकळलं तरी मऊ पडत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पण चिमटीत दाबून पाहिलं नव्हतं. मावशी कान टवकारून ऐकत होती. “आणि दळलं तर?” तिने विचारलं, आणि घरच्या सुपाची हकिगत सांगितली.

आचारी कुरकुरला, पण त्याने दाणे चक्कीवरून दळून आणले. पुढच्या सोमवारी राजमा सूप होऊन गेला आणि वाट्या जवळजवळ रिकाम्या परत आल्या. काकांनी स्वतः उभं राहून पोती दुसऱ्या थंड, कोरड्या खोलीत हलवून घेतली. मॅडमनी वर पत्र लिहिलं: साठा असू द्या, पण दर तीन महिन्यांनी ताजा माल पाठवा आणि जुना वेळेत बाहेर काढा. नियम बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आजोबांचं वजन दोन महिन्यांत दीड किलो वाढलं. हाडही धरू लागलं. त्यात सुपाचा वाटा किती, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजोबा मात्र आता मॅडमना तोंडावर सांगतात, “आज मीठ कमी होतं, मी अर्धंच घेतलं,” आणि मॅडम तसं लिहून घेतात.

तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे, आणि तो मोरीवर भरला जातो. परवा त्यासाठी मॅडमना आकडे सांगताना मावशी मध्येच थांबली.

“मॅडम, बायकांच्या वॉर्डातून गाजरं परत येतात. पुरुषांच्या वॉर्डातून एकही येत नाही. एकाच पातेल्यातली गाजरं, मग असं का हो?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दोघी हात पुसून बायकांच्या वॉर्डाकडे निघाल्या.