मांजराचा भाग

“मावशी, वाजला बघा तुमचा मोबाइल. आला आजचा रतीब,” हातातली कात्री न थांबवता कटिंगमास्तर म्हणाले.

मावशींनी निम्मी तुरपाई झालेली पँट बाजूला ठेवली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मेल उघडला. कपड्यांच्या मोठ्या दुकानामागच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. गिऱ्हाइकांनी पुढे कपडे घालून बघायचे, आणि कमरेत सैल, उंचीला जास्त असं जे काही निघेल ते मागे मावशींकडे यायचं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे आत घेतले आणि सोडले. त्या लोकांतला एकही कधी पाहिला नाही. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते संध्याकाळी, घरी गेल्यावर.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात, चांगल्या हुद्द्यावर. पोरगा गुणाचा, ऑफिसातून घरी जाताना गाडीतून रोज फोन करायचा. पण बोलायचं काय? “जेवलीस?” “अजून नाही. तू?” “मी पण नाही.” “बरं.” “बरं.” मग दुसऱ्याने फोन ठेवायची दोघंही वाट बघत बसायची.

मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानेच मोबाइलवर हे लावून दिलं. अख्खी कादंबरी, पण रोज सकाळी मेलने तुकड्या-तुकड्याने यायची. चहा पिता पिता वाचून व्हावा एवढाच तुकडा. “मी पण हीच लावलीय, आई. दोघं एकदम वाचू आणि संध्याकाळी बोलू.”

कादंबरी दोन बहिणींची होती. एका घरात राहायच्या, एका चुलीवर रांधायच्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. जे काय सांगायचं ते मांजराला. “सांग तिला, दूध नासलंय.” मांजर बिचारं दोघींच्या मध्ये बसून मिशा पुसायचं. मावशी थोरलीच्या बाजूच्या, मुलगा धाकटीच्या.

“अरे, काय ती धाकटी! बहिणीच्या वाटचं दूध मांजराला पाजलंन् मेलीने!”

“पण आई, थोरलीनेही तिला कमी छळलेलं नाहीये हं.”

फोन लांबत चालले. मावशींची भाजी दोनदा करपली, आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

प्रत्येक मेलच्या तळाशी किती भाग उरले ते लिहिलेलं असे. हल्ली त्या ओळीने त्यांच्या जिवाला घोर लावला होता. आज ती त्यांनी दोनदा वाचली.

“काय झालं हो?” मास्तरांनी विचारलं.

“संपत आलं पुस्तक.”

“मग दुसरं लावा. पुस्तकांना काय तोटा?”

“लेकाला सवड नको का? हेच कसंबसं जमवतोय तो.”

त्या ओळीखाली दोन बटणं होती. एक ‘पुढचा भाग आत्ताच पाठवा’ आणि दुसरं ‘सध्या थांबवा’. मावशींनी हळूच दुसरं दाबलं. त्यांच्या मते सगळं सरळ होतं: दोन्ही मोबाइलवर लेकानेच लावलंय, म्हणजे टाकी एकच. कॉक बंद केला की दोन्ही नळ बंद. पुस्तक लांबेल, फोनही चालू राहतील. कुणाचं काय बिघडलं?

दुसऱ्या दिवशी रतीब आला नाही. संध्याकाळी फोन घेताना मात्र त्यांना एकच धास्ती होती. तो म्हणणार, आज भाग आला नाही, तू काही दाबलंस का?

“मग आई? काय म्हणतायत आपल्या बहिणी?”

“तुला आला आजचा भाग?”

“आला की. जेवणाच्या सुट्टीत वाचलासुद्धा.”

मावशी चाटच पडल्या. म्हणजे याचा नळ चालूच! आता आपण आपला बंद केलाय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

“तुला काय आवडलं आजच्यातलं?” त्याने विचारलं.

“मांजराचं,” मावशींनी ठोकून दिलं. मांजर तर रोजच असायचं.

“हो ना! मांजराचं भारीच होतं. मी असा हसलो, शेजारचे बघायला लागले माझ्याकडे.”

सुटले बाबा, असं वाटून मावशीही हसल्या.

सकाळी दुकानात आल्या आल्या त्यांनी मेल पुन्हा चालू केला. थांबवलेला भाग लगेच आला. त्यात मांजर मेलं होतं. बहिणींनी परसात खड्डा खणला, एकीने माती ओढली, दुसरीने वर दगड ठेवला, आणि दोघी आपापल्या खोलीत गेल्या. आता निरोप सांगायलाही कुणी उरलं नव्हतं.

मावशींनी तो भाग पुन्हा वाचला. हसण्यासारखं त्यात काही सापडेना. मग एकेक आठवायला लागलं. रोज पहिल्यांदा तोच विचारायचा, आणि त्या सांगत सुटायच्या. त्यांच्याआधी पुस्तकातलं काही त्याने कधी सांगितलंच नव्हतं. आई थोरलीकडून बोलतेय एवढं कळलं की धाकटीची बाजू घ्यायला पुस्तक वाचायची गरजच काय? त्यांना राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या तावातावाने आपण भांडत होतो ते कुणाशी? मास्तर समोरच होते, पण मावशींना फार एकटं वाटलं.

“मावशी, डोळ्यात काही गेलं का?”

“मांजर मेलं हो.”

“अरेरे! तुमचं?”

“नाही, पुस्तकातलं.”

“हात्तिच्या,” म्हणत मास्तरांनी पुढचं कापड पसरलं.

दुपारी मास्तर जेवायला गेले. मावशींनी डबा उघडलाच नाही. ‘पुढचा भाग आत्ताच पाठवा’ दाबायचं, वाचायचं, पुन्हा दाबायचं. शेवटच्या भागात धाकटी तापाने फणफणलेली होती. थोरली बराच वेळ दारात उभी राहिली, मग आत येऊन म्हणाली, “सरक जरा, मला बसू दे.” पुस्तक तिथेच संपलं. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावं असं मावशींना इतकं वाटलं की त्यांनी मुलाचा नंबर काढला. काढला आणि तसाच ठेवून दिला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन आला. मागे हॉर्न वाजत होते. तो जांभई दाबत होता हे त्यांना ऐकू आलं. दिवसभर राबून, गर्दीतून वाट काढत, न वाचलेल्या पुस्तकासाठी पोरगा रोज आईशी भांडत होता. सकाळचा राग त्यांनी शोधून पाहिला. तो कुठे सापडेना.

“मग आई? बोलल्या का गं शेवटी बहिणी?”

सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तो ताप, ते दार, थोरलीचं ते एवढंसं वाक्य.

“कुठल्या बोलतायत!” त्या म्हणाल्या. “पुष्कळ भाग आहेत अजून.”

“हो, हो. मी पण तिथपर्यंतच आलोय.”

मावशींनी गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून घेतली.

“मग आज मांजराने काय केलं ते वाचलंच असशील,” त्या म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या.