बोडीच्या पाळीवरचा देव

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, फुटक्या पाळीवर सकाळपासून झुंबड उडाली होती. धोंड्याचा देव आपोआप जमिनीतून वर येत होता! परवा बोटभर, आज वीतभर. बाया तांब्यावर तांबे पाणी ओतत होत्या आणि कुठूनसा टपकलेला एक जटाधारी बाबा नारळांच्या ढिगामागे बसून घसा ताणत होता, "जितना जल चढाओगे, उतना देव बढेगा! लेकिन खबरदार, यहाँ कुदाल मारी तो गाँव डूबेगा!" फुटक्या बोडीत पाणीच टिकत नाही, मग गाव बुडणार कशात, एवढा विचार करतो कोण?

खेमराज मास्तर मान खाली घालून उभे होते. तो देव त्यांनीच पुरला होता.

गोंदियाच्या सभेत पुढारी म्हणाले होते, "सरकारची वाट पाहू नका, आपलं गाव आपल्या हातांनी उभं करा." मास्तर भारावून परतले. पाळ बांधायला दवंडी पिटली, तर आली तीन माणसं. मास्तर खट्टू झाले आणि त्यांना नको ती युक्ती सुचली. देव निघाला की गाव जमेल! गाव जमलं खरं, पण पाळीला हात लावायला कोणी धजेना.

त्या तिघांतली देवकाबाई जवळ आली. तिची धानाची बांधी पाळीच्या खालीच होती, गेल्या साली पाळ फुटून सगळा रोवणा, लावलेलं रोप न रोप, वाहून गेलेला.

"मास्तर, मिरग आठ दिसांवर आला. पन देवाच्या अंगावर माती कशी टाकू? औंदा बी उपाशीच राहू."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मास्तरांना तेच सोसवेना. त्यांनी गर्दीत घुसून दोन्ही हातांनी धोंडा उपटला. एकच किंकाळी उठली. खाली खड्डाभर लाखोरीचे, डाळीच्या कडधान्याचे, दाणे होते, फुगलेले, मोड आलेले.

"हे मी भरले," मास्तरांनी मूठभर दाणे उचलून दाखवले. "कोरडा दाणा पाणी पिऊन फुगतो अन् धोंड्याला वर ढकलतो. तुम्ही पाणी ओतलं, देव वाढला. चमत्कार नाही, माझी लबाडी आहे."

बाबा नारळ तिथेच टाकून पसार झाला.

"आमाले काऊन फसवलं?" गर्दीतला धनसिंग कडाडला. "तुमी तं शिकलेले!"

"त्या तिघांना घेऊन मी दुसऱ्याच दिवशी काम सुरू करायला हवं होतं. ते कष्टाचं वाटलं, म्हणून थाप मारली. मला माफ करू नका, पण पाळ बांधा."

देवकाबाईनं टोपलं त्यांच्या हातात कोंबलं. "माफीचं मंग पाहू. आधी माती उचला."

त्या दिवशी अकराच माणसं राबली. वाचकहो, चांगल्या कामासाठी मारलेली थापही थापच असते. नवल दिसलं की कारण विचारा, सांगणारा तुमचा लाडका मास्तर असला तरी.